परप्रांतीय कामगार, आपण आणि मधला मुकादम : कारखान्यातल्या भाषेबद्दल

गिरणाकाठ

मंडळी, मी जळगावच्या एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात उत्पादनाचं काम बघतो. इथले बरेच सभासद पाइप, चटई, डाळ मिल, जिनिंग नाहीतर धुळ्याकडच्या लूमच्या धंद्यात आहेत, म्हणून विषय इथेच काढतो.

आमच्या एका पाळीत कोण कोण असतं ते आधी सांगतो. एक्स्ट्रूडरवर, म्हणजे प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या मशीनवर, बिहारमधल्या छपरा-सिवानकडची पोरं, आपसात भोजपुरी बोलणारी. लूमवर ओडिशाचे, त्यातले काही सुरतेला राहून आलेले. शिलाई-पॅकिंगला सातपुड्यातल्या पावरा आदिवासी बाया, काही आपल्याच चोपडा-यावलच्या वरच्या पाड्यांवरच्या, काही मध्य प्रदेशातल्या बडवानीकडच्या. मेंटेनन्सला अहिराणी आणि लेवा बोलणारी आपली माणसं. मशीनच्या पॅनेलवर इंग्रजी.

यावर शेठ लोकांचं एक ठरलेलं उत्तर असतं : हिंदी तर सगळ्यांना येते. येते, पण किती? छपऱ्याचा पोरगा घरी हिंदी बोलत नाही. ओडिशाचा तर इकडे आल्यावरच ती उचलतो. आपला फिटर जी हिंदी बोलतो ती निम्मी मराठी असते. दोघंही परक्या भाषेत बोलतायत आणि विषय आहे दोनशे डिग्रीच्या वर तापलेल्या बॅरलचा. चहापाण्यापुरती ही हिंदी पुरते. 'जाळी चोक झालीय, प्रेशर चढतंय, आधी फीड कमी कर, मग जाळी बदल' हे सांगायला पुरत नाही.

मग मधे मुकादम येतो, आणि मला जे बोलायचंय ते त्याच्याबद्दलच. पोरं गावाहून त्यानंच आणलेली असतात. भुसावळला गाडीतून उतरवून घेणारा तो, खोली देणारा तो, घरी पाठवायला उचल देणारा तो. भाषाही त्याच्याच हातात. सुपरवायझर मुकादमाला सांगतो, मुकादम पोरांना सांगतो, आणि पोरांचं म्हणणं त्याच वाटेनं परत येतं. या वाटेवर काय गळलं ते आपल्याला कधीच कळत नाही. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या पुढे, शेडमध्ये एक्स्ट्रूडरची धग वेगळी. पोरगा सांगत असतो की चक्कर येतेय. आपल्यापर्यंत पोचतं, 'नया है साब, आदत हो जाएगी.'

मुकादम वाईट माणूस असतो असं मी म्हणत नाही. त्याला माणसांचा आकडा पुरा करून द्यायचा असतो. एक जण खाली बसला की त्याची एक हजेरी बुडते. ज्याचा पैसा हजेरीवर आहे त्याच्याच तोंडून आपण आजारपणाची बातमी ऐकतो, ही मांडणीच चुकीची आहे.

माझं ठाम मत असं की काम समजावणं, पगाराचा हिशेब सांगणं आणि दुखलंखुपलं ऐकणं, हे मुकादमामार्फत होऊ नये. मोडकंतोडकं का होईना, सुपरवायझरनं थेट बोलावं. तुमच्याकडे कसं चालतं ते सविस्तर लिहा.

तूरवाला

भाऊ, मनापासून लिहिलंय, पण डाळ मिलला हे जमणारं नाही. आमच्याकडे माणूस हंगामाला येतो. नवी तूर बाजारात आली की भरती, माल सरला की निघाला. पुढच्या वर्षी तोच येईल याची खात्री नाही. त्याला कोण शिकवणार आणि कोणत्या भाषेत? मुकादम नसेल तर माझी मिल सकाळी सुरूच होणार नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. गमछा. यूपी-बिहारचा माणूस गळ्यातला गमछा काढत नाही, आणि आमच्याकडे जुने शाफ्ट, पट्टे उघडे फिरतात. दर हंगामाला मुकादमाला सांगतो, तो पोरांना ओरडतो, दोन दिवस गमछे खुंटीवर जातात, तिसऱ्या दिवशी परत गळ्यात.

रात्रपाळी

तूरवाला शेठ, आधी पट्ट्याला जाळी बसवा. ते भाषेचं काम नाही. फिरत्या भागांना कुंपण हवं हे फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ च्या कलम २१ पासून चालत आलेलं आहे. कामगाराला कितीही चांगली भाषा आली तरी उघडा शाफ्ट तो उघडाच.

मी पीव्हीसी पाइपच्या लाइनवर सेफ्टी बघतो, म्हणून गिरणाकाठ यांच्या मुद्द्याला माझ्या बाजूनं जोड देतो. चटईचं पीपी (पॉलिप्रॉपिलीन) प्लास्टिक उष्णता थोडी सोसतं. पीव्हीसी सोसत नाही. लाइन थांबवायची तर क्रम आहे : फीड बंद, बॅरलमधला माल बाहेर काढायचा, मग स्क्रू बंद, हीटर बंद. नुसतं 'बंद कर' ऐकून कुणी स्क्रू थांबवला आणि हीटर तसेच राहिले तर आतला माल जळतो आणि हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो. डोळे, घसा पेटतात, ठसका थांबत नाही. म्हणजे एका शब्दाच्या हुकुमानं भागत नाही, क्रम पोचवावा लागतो. क्रम तिसऱ्याच्या तोंडून पोचवला की मधली एखादी पायरी हमखास पडते.

आता पाट्यांबद्दल. एका ठिकाणी पाहिलेलं सांगतो, जागेचं नाव घेत नाही. ग्राइंडर जाम झाला, फिटर आत हात घालून बसला, स्विचवर पाटी लावली 'काम चालू आहे'. पाळी बदलली. नव्या पाळीतल्या पोरानं अक्षरं जुळवून वाचलं : चालू आहे. त्याच्या हिंदीत याचा अर्थ मशीन सुरू आहे. मग बंद कसं, म्हणून हिरव्या बटणाकडे त्याचा हात गेला होता, शेजारच्या लूमवाल्यानं आरडाओरडा केला म्हणून फिटरचा पंजा वाचला. तेव्हापासून मी जिथे जातो तिथे पाटीच्या आधी कुलूप मागतो. मेन स्विचला कुलूप, किल्ली आत हात घालणाऱ्याच्या खिशात. कुलपाला भाषा लागत नाही.

आणि त्याच फॅक्टरी अ‍ॅक्टचं कलम १०८ सगळ्यांनी एकदा वाचा. सूचना इंग्रजीत आणि कारखान्यातल्या बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्यात, असं त्यात होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि जुना कायदा त्यात गेला. पण माझी तक्रार त्या 'बहुसंख्य' शब्दाबद्दल तेव्हाही होती. साठ बिहारी आणि आठ ओडिया असतील तर त्या आठ जणांचं काय? मशीन त्यांचाही हात तेवढ्याच जोरात ओढतं.

उधन्याचा भाऊ

हा धागा वाचून राहवलं नाही. मी अमळनेर तालुक्यातला. तरुणपणी ताप्ती लाइननं सुरतेला गेलो आणि उधना-लिंबायतच्या बाजूला लूमवर आणि नंतर डाइंग मिलमध्ये बरीच वर्षं काढली. तिथे गल्लीच्या गल्ली आपल्या खानदेशाची. संध्याकाळी किराणा दुकानावर 'कसं काय शे भो' ऐकू यायचं तेव्हा जीव थाऱ्यावर यायचा.

पण कारखान्यात आपण परकेच. शेठ गुजराती, मास्तर गुजराती, शेजारच्या लूमवर गंजामचा ओडिया. मला गुजराती येत नव्हती, हिंदी शाळेपुरती. मास्तर काहीतरी सांगायचा आणि शेवटी विचारायचा, समजलास? मी मान डोलवायचो. 'माले समजनं नही' हे ओठांवर असायचं आणि तिथेच राहायचं. नाही म्हटलं तर मास्तर सगळ्यांसमोर बोलणार, आपला मुकादम रात्री खोलीवर बोलणार, आणि दुसऱ्या दिवशी लूम दुसऱ्याला. म्हणून तुमची पोरं मान हलवतात तेव्हा ती समजली म्हणून हलवतात असं समजू नका. ती भीतीची मान असते.

मला लूम कुणी शिकवला? त्या ओडिया माणसानं. एक शब्द आमचा जुळत नव्हता. त्यानं माझा हात धरून तुटलेली तार सांधून दाखवली, मग माझ्या हातानं करवून घेतली, चुकलो की तोंडानं च्च करायचा आणि परत. शेडमध्ये लूमचा आवाजच असा की भाषा आली काय, न आली काय. सगळं हातांवर चालायचं : बीम संपला, तार तुटली, मास्तर येतोय, जेवायची वेळ झाली. प्रत्येकाची खूण ठरलेली. ती खुणांची बोली कोणत्याही शेठनं बनवलेली नव्हती, कामगारांनीच बनवली होती.

पगाराचं मात्र खुणांवर भागत नाही. मीटरवर पगार असायचा. वहीत काय लिहिलं ते गुजरातीत. महिन्याच्या शेवटी मुकादम सांगेल तो आकडा खरा. माझे किती बुडाले ते आजही माहीत नाही, आणि ते मनातून जात नाही. आता मी गावी शेती बघतो, पण माझा पुतण्या एमआयडीसीत सुपरवायझर आहे. त्याला एकच सांगतो, बाबा, तुझ्या हाताखालच्या भैयाला त्याचा आकडा त्याच्या बोलीत कळू दे.

पांझरा_ताई

उधन्याचे भाऊ, तुमचं शेवटचं वाक्य माझ्या रोजच्या कामाचं आहे. मी धुळे-शिरपूर पट्ट्यात कापडाच्या एका युनिटमध्ये एचआर सांभाळते. मशीनवरच्या भाषेबद्दल सगळे बोलतात, पगाराच्या भाषेबद्दल कुणी बोलत नाही, आणि माझ्या अनुभवात माणूस सोडून जातो तो बहुतेक वेळा पगाराच्या न कळण्यामुळे.

नेमकं काय होतं ते सांगते. पगारातून पीएफचे १२ टक्के कापले जातात आणि ईएसआयसीचा, म्हणजे कामगार विम्याचा, ०.७५ टक्का. पोरानं गावाहून निघताना मुकादमाकडून पगाराचा पूर्ण आकडा ऐकलेला असतो. खात्यात येतात कमी. तो मुकादमाला विचारतो, मुकादम म्हणतो कंपनीनं कापले. कधी मुकादम स्वतः उचलीचे म्हणून पाचशे जास्त घेतो आणि तेही 'कंपनीनं कापले' यातच जातं. पोराच्या लेखी चोर कोण? कंपनी. तो दोन महिन्यांत निघून जातो आणि गावात सांगतो की तिकडे पैसे खातात. पीएफ हा त्याचाच पैसा आहे, बारा अंकी यूएएन नंबरवर तो जमा होतो, नोकरी बदलली तरी सोबत जातो, इतकंच त्याला कुणी त्याच्या भाषेत सांगितलेलं नसतं. ईएसआयसीचंही तसंच. मजुरी २१ हजारांपर्यंत असेल तर तो त्यात बसतो, त्याला आणि घरच्यांना दवाखाना मिळतो. कार्ड मात्र मुकादमाच्या पेटीत.

आणि हे काही मी काढलेलं खूळ नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा होता. त्याच्या कलम १२ मध्ये ठेकेदारानं प्रत्येक कामगाराला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं होतं : काम कुठे, किती मुदतीचं, मजुरीचा दर काय, परतीचं भाडं किती, कपात किती. हे हिंदी-इंग्रजीत, आणि कामगाराची भाषा या दोन्हींपेक्षा वेगळी असेल तर त्याच्या भाषेतही. १९७९ साली कुणीतरी बसून इतका बारीक विचार केला होता! मी नोकरीत आल्यापासून असं पासबुक एकाही कामगाराच्या हातात पाहिलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आता नव्या संहितेत प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं बंधनकारक झालं आहे. ते पत्र इंग्रजीत छापून अंगठा घेतला तर तेही पासबुकाच्याच वाटेनं जाईल.

मी काय करते? पगाराच्या आदल्या दिवशी आठ-दहा जणांचा घोळका घेऊन बसते. मुकादमाला खोलीबाहेर थांबायला सांगते. सुरुवातीला त्यावरून भांडण झालं, मालकही माझ्यावर नाराज झाले, पण मी अडून बसले. पावतीवरची प्रत्येक ओळ बोट ठेवून सांगायची. भोजपुरीवाल्यांसाठी त्यांच्यातलाच दहावी झालेला मुलगा वाचून दाखवतो. या मुलाला मी तासाचे पैसे देते, फुकट राबवत नाही. दुसऱ्याची भाषा बोलणं हे काम आहे.

बायकांचा प्रश्न वेगळा आणि जास्त अवघड. मुकादम पुरुष. एक पावरा बाई पाच महिन्यांची गरोदर असून गाठोडी उचलत होती. तिनं मुकादमाला सांगितलेलं नव्हतं, कारण ते सांगण्यासारखं माणूसच तो नाही. मला कळलं ते शिरपूरच्या वरच्या अंगाची एक मावशी शिलाईवर आहे तिच्यामुळे. तिला पावरी येते. आता ती मावशी माझ्या खोलीत रोज जेवणाच्या सुट्टीत बसते, कुणीही बाई येऊन बोलावं. पाळी, अंगावरून जाणं, कुणाची नजर वाईट, हे सगळं त्या अर्ध्या तासात बाहेर येतं. त्याआधी यातलं काहीच ऑफिसपर्यंत येत नव्हतं आणि आम्ही समजत होतो की बायकांची काही तक्रार नाही.

खरा_खानदेशी

सगळं ठीक, पण एक सरळ प्रश्न. महाराष्ट्रात पोटाला आले तर मराठी त्यांनी शिकावी. आपणच भोजपुरी, ओडिया शिकत बसायचं का? उधन्याचे भाऊ सुरतेत गुजराती शिकलेच असतील ना?

उधन्याचा भाऊ

शिकलो. चांगली बोलतो. पण ती कळायला लागेपर्यंत लूम चालवतच होतो आणि पगारही घेतच होतो. मधल्या त्या काळातच बोटं जातात आणि पैसे बुडतात. आणि गुजराती मला कारखान्यानं शिकवली नाही, चाळीतल्या पोरांबरोबर क्रिकेट खेळताना आली.

गिरणाकाठ

खरा_खानदेशी दादा, मराठी त्यांनी शिकावी हे मलाही मनापासून वाटतं. राहिलेली पोरं शिकतातही, आमच्याकडचा एक सिवानचा ऑपरेटर आता भाजीवालीशी चक्क अहिराणीत घासाघीस करतो. पण जो आज सकाळी गाडीतून उतरला तो उद्या सकाळी मशीनवर उभा राहणार आहे. त्याची जबाबदारी आजच माझ्यावर आली. मराठी येईपर्यंत वाट बघायची असेल तर तोवर त्याला मशीनवर उभं करू नये.

रात्रपाळी यांच्या क्रमाच्या मुद्द्यावर आम्ही काय करतो ते सांगतो. नव्या माणसाला 'समजलं का' विचारायचं नाही, सुपरवायझरांना तशी सक्त ताकीद आहे. 'करून दाखव' म्हणायचं. एक्स्ट्रूडर थांबवायचा क्रम थंड मशीनवर त्यानं हातानं करून दाखवायचा, मुकादम शेडबाहेर. जिथे हात अडखळतो तिथे त्याला कळलेलं नाही हे लगेच दिसतं आणि त्याला तोंडानं कबूल करावं लागत नाही. उधन्याचे भाऊ म्हणतात ती मान डोलवायची वेळच येऊ द्यायची नाही.

आकड्यांचंही तसंच. आपली मराठी उजळणी आणि त्यांची हिंदी गिनती यांचा मेळ लागत नाही, त्यात एकोणसाठ-एकोणसत्तरचे घोळ. ओडियाला तर दोन्ही परके. म्हणून तापमान, वजन, बॉबिनचा नंबर, सगळं सुटे अंक म्हणून : दोन-एक-शून्य. सोबत बोटं दाखवायची. समोरच्यानं तेच अंक परत म्हणायचे, मग हात सोडायचा.

सातपुडा

मी नंदुरबार जिल्ह्यात आश्रमशाळेवर शिक्षक आहे. धाग्याच्या नावातच 'परप्रांतीय' आहे म्हणून लिहितो. गिरणाकाठ आणि पांझरा ताईंनी पावरा बायांचा उल्लेख केला हे बरं झालं, कारण सगळ्यात जास्त मुकं राहणारं माणूस तेच आहे, आणि ते परप्रांतातलं नाही.

धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यावरचं लेकरू माझ्या वर्गात येतं तेव्हा त्याला मराठी येत नाही. त्याची भाषा पावरी नाहीतर भिली. आम्ही शाळेत मराठी शिकवतो, पण शाळा अर्ध्यात सोडलेली पोरं-पोरी जेव्हा तुमच्याकडे येतात तेव्हा आधार कार्डावर महाराष्ट्र बघून तुम्ही गृहीत धरता की यांना मराठी येते. बिहारच्या पोरासाठी निदान मुकादम शोधता. यांच्यासाठी तेही नाही. बिहारी पोराच्या हिंदीला बाजारात किंमत तरी आहे, पावरी बोलली की आपलीच माणसं हसतात. म्हणून ती गप्प बसतात आणि तुम्ही लिहिता की हे लोक बुजरे असतात.

दुसरी तक्रार ऐकतो ती होळीला पळून जाण्याची. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, काठीची राजवाडी होळी तर दूरदूरची माणसं बघायला येतात. उसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबंसुद्धा होळीसाठी परततात. हे दरवर्षी होतं, तिथी पंचांगात छापलेली असते. छठचंही तसंच, दिवाळीनंतर सहाव्या दिवशी. एखाद्या सुपरवायझरनं महिनाभर आधी त्यांच्यातल्या कुणाला बसवून विचारलं की तुमच्याकडचा बाजार कोणत्या दिवशी, आणि पाळ्या तशा लावल्या, तर कुणी पळत नाही. सांगून जातात, सांगून येतात.

शिफ्ट_बी

मी नुकताच इंजिनिअरिंग करून लागलोय. मोबाइलबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. केंद्र सरकारची भाषांतराची सेवा, भाषिणी, २०२२ पासून आहे. गुगल ट्रान्सलेटमध्ये ओडिया २०२० ला आली, भोजपुरी आणि मैथिली २०२२ ला, संताली २०२४ ला. ऑफिसात सुट्टीचा अर्ज, गावचा पत्ता, बँकेचं काम यासाठी मी हे रोज वापरतो आणि फार उपयोग होतो.

शेडमध्ये नाही. तिथल्या आवाजात फोनला आपलं बोलणंच ऐकू येत नाही. शिवाय डाय, जाळी, लंप, दाणा (प्लास्टिकचा) हे आपले धंद्यातले शब्द त्याला कळत नाहीत, तो दाण्याचं धान्य करतो. म्हणून मी वेगळं केलं. जुन्या ऑपरेटरांपैकी ज्याचं काम सगळ्यात नीट, त्यालाच त्याच्या बोलीत बोलायला लावून मोबाइलवर छोटे व्हिडिओ काढले. जाळी कशी बदलायची, बॉबिन कधी काढायचा, ग्राइंडरला हात कधीच का लावायचा नाही. एका व्हिडिओत एकच काम. नवीन पोरगा खोलीवर झोपताना तेच बघतो. आपल्या गावच्या माणसाचं ऐकताना त्याचा चेहराच वेगळा असतो.

रात्रपाळी

शिफ्ट_बी, उत्तम. त्यात एक आजारपणाचाही व्हिडिओ घाल. चक्कर, छातीत दुखणं, श्वास लागणं, डोळ्यात काही गेलं. आणि उलट्या बाजूनं सुपरवायझरांनी ही चार वाक्यं त्यांच्या बोलीत पाठ करावीत. भोजपुरीत 'माथा घूमत बा', ओडियात 'मुंड बुलाउछी', दोन्हींचा अर्थ चक्कर येतेय. एवढं ओळखता आलं तरी मे महिन्यात एखादं पोरगं वेळेवर सावलीत बसेल. दवाखान्यात पाठवताना सोबत त्याची बोली जाणणारा माणूस पाठवा, नाहीतर डॉक्टर त्याच्याऐवजी मुकादमाचीच विचारपूस करत बसतात.

थांबायच्या खुणेबद्दलही एक. हात गळ्यावरून आडवा फिरवला की मशीन थांबलं पाहिजे, मग खूण झाडूवाल्यानं केलेली असो. थांबवल्याबद्दल कुणाला बोलायचं नाही, माल वाया गेला तरी. क्रेनच्या कामातही थांबायची खूण कुणीही केली तरी पाळतात.

तूरवाला

सगळं वाचलं. मुकादमाशिवाय माझं चालणार नाही हे माझं म्हणणं अजून तेच आहे. सगळं थेट बोलायला माझ्याकडे पांझरा ताईंसारखं माणूसही नाही. पण पट्ट्याला जाळी बसवायला मिस्त्री बोलावलाय. आणि पगाराच्या दिवशी मुकादमाला बाहेर थांबवून मुनीम स्वतः आकडा वाचून दाखवेल, हे करून बघतो. माझ्याकडे या हंगामाला काही माणसं ओडिशाची आहेत, त्यांच्या भाषेत पावती कुणाकडे आहे का?

पांझरा_ताई

तूरवाला भाऊ, माझ्याकडे हिंदीत आहे आणि भोजपुरीत आवाजाची फाइल आहे. ओडिया नाही. पण तुम्ही पावतीच्या आधी एक करा : प्रत्येकाचा एटीएम आणि ईएसआयसीचं कार्ड त्याच्या स्वतःच्या खिशात आहे का, ते मुनिमांना बघायला सांगा. कार्ड मुकादमाकडे असेल तर पावती कोणत्या भाषेत आहे यानं काही फरक पडणार नाही.

गिरणाकाठ

ताईंचं आधी करा, शेठ. ओडियाचं मी बघतो. आमच्या लूमवर गंजामचा एक जण बारावी झालेला आहे, त्याचं अक्षर चांगलं आहे. पीएफ, ईएसआयसी, उचल, भाडं आणि हातात आलेली रक्कम, एवढ्या ओळी त्याच्याकडून ओडियात लिहून घेतो, त्याचे पैसे आम्ही देऊ. रविवारी सुट्टी आहे, तेव्हा बसतो. आकड्यांची जागा रिकामी ठेवून पानाचा फोटो इथेच टाकतो, ज्याला लागेल त्यानं छापून घ्यावं. सातपुडा सर, पावरीतलं तुम्ही बोलून पाठवाल का? आमच्या बायांना वाचता येत नाही, त्यामुळे लिहिलेलं नको, तुमच्या शाळेतल्या एखाद्या पावरा मदतनीस बाईच्या आवाजातच हवं.

सातपुडा

पाठवतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या बाईंनी हो म्हटलंय. त्यांनी उलट एक विचारलं : उचलीचं सांगताना व्याज आहे की नाही तेही त्यात बोलायचं का? त्यांच्या भावाला ते कधीच कुणी सांगितलेलं नाही.

पांझरा_ताई

बोलायचं. सगळ्यात आधी तेच बोलायचं.